रिकामी चोच

परसातल्या कळपात कोंबडी कोंबडीला टोचते ती दोन निरनिराळ्या कारणांनी. हा फरक ध्यानात न घेता केलेला उपाय सहसा वाया जातो. पहिली टोच मानाची असते. ती समोरून येते, डोक्यावर, तुऱ्यावर किंवा मानेवर बसते आणि तिथल्या तिथे संपते. टोच खाणारी बाजूला सरते, मारणारी पुन्हा दाणे वेचू लागते. दुसरी टोच मागून येते. एक कोंबडी दुसरीच्या शेपटीच्या बुडाशी उभी राहते, मान किंचित तिरपी करून एखादे पीस न्याहाळते, ते चोचीत धरून ओढते आणि बऱ्याचदा गिळूनही टाकते. जिचे पीस गेले ती सुरुवातीला पुढे सरकण्यापलीकडे काही करत नाही. या दुसऱ्या टोचेत राग नसतो. उकरायला जमीन न मिळालेल्या चोचीचा तो उद्योग असतो. तरीही धोका याच टोचेत जास्त. पीस उपटले की कातडी उघडी पडते, कातडीवर रक्ताचा ठिपका दिसला की सगळा कळप तिथे जमतो आणि वेळीच कोणी पाहिले नाही तर संध्याकाळपर्यंत एका जिवंत कोंबडीचा मागचा भाग खाल्लेला असतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत बचत गटाच्या बैठकीत कोंबड्यांचा विषय निघाला की या दोन्ही तक्रारी एका दमात सांगितल्या जातात. "मोठ्या कोंबड्या लहानीला खाऊच देत नाहीत जी," ही एक; "कोंबडीच कोंबडीला खाते," ही दुसरी. ऐकणाराही दोन्हींवर एकच औषध मागतो. प्रत्यक्षात पहिली तक्रार कळपाच्या रचनेची आहे आणि दुसरी कळपाच्या रिकामपणाची.

मानाच्या टोचेचा अभ्यास प्रथम नीट केला तो नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी. लहानपणापासून ते कोंबड्यांचे कळप पाहत आणि कोण कोणाला टोचते याच्या नोंदी ठेवत. १९२१ साली त्यांनी मांडले की प्रत्येक कळपात एक क्रम असतो: सर्वांत वरची कोंबडी सर्वांना टोचू शकते, तिला कोणी टोचत नाही, सर्वांत खालची सर्वांची टोच खाते आणि कोणालाही टोचत नाही. पुढच्या शंभर वर्षांत या मांडणीत बारकावे आले, पण गाभा टिकला. परसात कोंबड्या पाळणाऱ्यासाठी त्यातली कामाची गोष्ट अशी की, क्रम एकदा बसला की भांडणे कमी होतात. खालची कोंबडी वरचीला वाट देते, वरचीने मान उंचावून पाहिले तरी पुरते, टोच मारावी लागत नाही. म्हणजे क्रम मोडायचा नाही. तो वारंवार विस्कटणार नाही एवढे पाहायचे.

तो विस्कटतो मात्र माणसांच्या रोजच्या व्यवहारातूनच. घरी पाहुणा आला की कोंबडा कापला जातो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई आणि सोयरे मुक्कामाला येतात, रात्री नाटक असते, आणि त्या चार दिवसांत कळपातले दोन-तीन पक्षी कमी होतात. जे कमी होतात ते बहुधा अंगाने भरलेले, म्हणजे क्रमात वरचे. मंडई संपल्यावर आठवडी बाजारातून एखादी तलंग विकत आणून रिकाम्या जागी सोडली जाते. वरची जागा मोकळी झाली म्हणून जुन्यांची आपापसात झटापट चालू असतेच, त्यात ही एकटी परकी येते आणि सगळ्यांचा राग तिच्यावर निघतो. बाजाराहून आणलेली कोंबडी आठवडाभरात वाळते, कोपऱ्यात बसते, मग ती रोगट निघाली असे म्हटले जाते. कित्येकदा ती रोगट नसते; तिला पाण्यापर्यंतसुद्धा जाऊ दिलेले नसते.

दुसऱ्या टोचेचे मूळ पाहायचे तर या जिल्ह्याचे वर्ष पाहावे लागते. भंडाऱ्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी झालेला हा जिल्हा धानाचा. आठही तालुक्यांत, मग ते तिरोडा-आमगाव असो की देवरी-सालेकसा, घरामागची सांदवाडी आणि तिला लागून बांध्या असे चित्र सर्वत्र दिसते. धान कापून, चुरून झाले की कोंबड्या मोकळ्या. खळ्यावर सांडलेले दाणे, तणसाच्या ढिगातले किडे, धुऱ्यावरचे गवताचे बी, गोठ्यामागचा उकिरडा असे दिवसभराचे काम त्यांना असते. नोव्हेंबर ते मार्च या काळात मोकळ्या सोडलेल्या देशी कळपात पिसे उपटण्याचा प्रकार जवळजवळ दिसत नाही. मृग लागला, पऱ्हे टाकले की चित्र पालटते. कोंबडी शेजाऱ्याच्या पऱ्ह्यात गेली तर तासाभरात वाफा उकरून टाकते, आणि त्यावरून गावात भांडणे होतात. म्हणून पऱ्हे टाकल्यापासून रोवणी सरेपर्यंत कोंबड्या खुराड्यात किंवा डालग्याखाली राहतात. वर पावसाची झड. इटियाडोह किंवा पुजारीटोल्याच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या गावांत उन्हाळी धानही होते, तिथे ही कोंडी वर्षातून दोनदा. जंगलाकाठच्या गावांत, नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेने, रानमांजर, मुंगूस आणि बिबट्याच्या भीतीने संध्याकाळ होण्याआधीच खुराड्याचे दार लागते आणि सकाळी उशिरा उघडते. कोंबड्या ओरबाडल्याच्या तक्रारी याच महिन्यांत आणि याच घरांतून येतात. योजनेतून मिळालेल्या वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींच्या घरांत त्या आणखी जास्त असतात. ही पिल्ले किमती म्हणून दिवसाही कोंडून ठेवली जातात आणि भरपूर कनकी टाकून लवकर वाढवली जातात. पोट भरलेले, चोच रिकामी.

पाळीव कोंबडीचा पूर्वज लाल रानकोंबडा. गोंदियाच्या उत्तरेला कान्ह्याच्या सालवनात तो आजही आहे. जागेपणीचा बहुतेक वेळ तो जमीन उकरण्यात आणि टोचण्यात घालवतो: दोन पायांनी पाला मागे फेकणे, एक पाऊल मागे येणे, वाकून पाहणे, टोचणे, आणि पुन्हा तेच. पिढ्यान्पिढ्या माणसाने दाणा समोर टाकला तरी ही चाल कोंबडीच्या अंगातून गेलेली नाही. दिवसाचा खुराक दहा मिनिटांत भांड्यातून मिळाला तरी उकरण्या-टोचण्याची गरज उरतेच. शेणाने सारवलेल्या किंवा फरशी घातलेल्या खुराड्यात टोचण्याजोगी एकच वस्तू उरते, आणि ती म्हणजे शेजारच्या कोंबडीची पिसे.

म्हणून पहिला उपाय खुराड्याच्या जमिनीवर करायचा, आणि त्याला लागणारी वस्तू या जिल्ह्यात प्रत्येक घरी पडून असते: तणस. खुराड्यात आणि पुढच्या आडोशात चार-सहा बोटे जाड कोरडे तणस पसरावे, त्यात धानाचे तूस मिसळावे. मग सकाळच्या कनकीतली निम्मी भांड्यात न ठेवता त्या तणसात मुठीने विखरावी. सुरुवातीला कोंबड्या गोंधळतात, भांड्याकडेच पाहत राहतात. एखादी धीट कोंबडी पायाने एकदा उकरते, दाणा हाती लागतो, आणि मग सगळ्या कामाला लागतात. कळपाचा आवाजही बदलतो. आधीची टोचाटोचीतली किंचाळी थांबून दाणे वेचतानाची बारीक, सलग कुरकुर ऐकू येते. खाली असलेल्या कोंबडीचाही यात फायदा आहे. भांड्याशी वरची कोंबडी पहारा देऊ शकते, विखुरलेल्या दाण्यांवर तिला पहारा देता येत नाही. एकाच कामात दोन्ही टोचांवर उतारा मिळतो, म्हणून बाकी काही जमले नाही तरी एवढे करावे असे आग्रहाने सांगावेसे वाटते. तणस ओले झाले की त्यात बुरशी धरते आणि पिल्लांच्या छातीत घरघर सुरू होते, रक्ती हगवणीचाही धोका वाढतो. पावसाळ्यात ते हाताने चाळवून पाहावे आणि दमट लागले की काढून खतात टाकावे.

तणसाइतकाच जुना आणि आता विसरत चाललेला उपाय उधईचा. फुटक्या गळ्याचे मडके घ्यायचे. त्यात ओलसर शेण, तणसाचे तुकडे, गोणपाटाची चिंधी भरायची आणि संध्याकाळी वारुळाशेजारी, जमीन थोडी खरवडून, ते पालथे घालायचे. वर पाल्याचे झाकण. सकाळी ऊन तापायच्या आत मडके उचलले की आतले तणस पांढुरक्या किड्यांनी वळवळत असते. ते परसात आणून टाकले की पुढचा अर्धा-पाऊण तास कोणी कोणाकडे पाहत नाही. पिल्ले सर्वांत आधी धावतात. उघडीप असेल त्या दिवशी हे चांगले साधते. झडीत वारूळ पाण्याने थबथबले की मडके रिकामे निघते. उधई म्हणजे नुसता विरंगुळा नव्हे, उत्तम प्रथिनही आहे, त्याचा संबंध पुढे येईल. घराच्या लाकडी खांबांशेजारी मात्र मडके घालू नये, आणि ज्या वारुळाला गावात पुजतात त्याच्या वाटेला जाऊ नये.

टांगायच्या वस्तूंनीही काम भागते. मुळ्याचा पाला, पालकाची जुडी, शेवग्याची फांदी, कणसाचे दाणे काढायचे राहिलेला मका यांपैकी काहीही दोरीने कोंबडीच्या डोक्याच्या वर वीतभर बांधावे. उडी मारून टोचायला लागले पाहिजे आणि वस्तू हलली पाहिजे. जमिनीवर टाकलेला पाला पायाखाली तुडवून जातो, टांगलेला दिवसभर पुरतो. दोन जुड्या दोन टोकांना बांधाव्या, एकच बांधली तर ती वरच्या कोंबडीच्या मालकीची होते.

खुराडे आतून कसे आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. आपल्याकडचे खुराडे एक चौकोनी पोकळी असते, जिथे लपायला कोपरा नाही आणि चढायला उंची नाही. मार खाणारी कोंबडी पळणार कुठे? बुरडाकडून आणलेला किंवा घरी विणलेला बांबूचा टट्टा मध्ये तिरपा उभा केला, जुनी दुरडी आडवी टाकली, तरी तिला नजरेआड होता येते, आणि नजरेआड झालेल्या कोंबडीचा पाठलाग सहसा थांबतो. बांबूच्या दांड्या दोन उंचींवर बांधाव्या. रात्री दांडीवर दर कोंबडीला आठ-नऊ इंच जागा हवी. जमिनीची जागा दर पक्ष्यामागे दीड-दोन चौरस फूट, आणि दिवसा कोंडायचे असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. अंडी घालायची खोपी चार-पाच कोंबड्यांमागे एक, तीही अंधारी. उजेडात अंडे घालणाऱ्या कोंबडीचे गुदद्वार बाहेर आलेले दिसते, ओले आणि लाल, आणि पिसे उपटण्याची सवय लागलेल्या कळपाला तिथेच टोचायची चटक लागते. पहिल्यांदा अंड्यावर आलेल्या तलंगा अशाने मरतात. रानमांजर येऊ नये म्हणून रात्रभर खुराड्यात पांढरा दिवा लावून ठेवण्याची पद्धत आता वाढली आहे. तिने कोंबड्यांची झोप मोडते आणि टोचाटोचीला रात्रही मोकळी मिळते. दिवा बाहेर, दारावर लावावा.

धूळ हा कोंबडीचा साबण आहे. पंख फुलवून, एका कुशीवर पडून, कोरडी माती पिसांच्या मुळापर्यंत उडवत ती लोळते, मग उठून एकदाच जोरात अंग झाडते. ते अंग झाडणे झाले की तिचे काम पुरे झाले समजावे. या लोळण्यात वरच्या-खालच्या कोंबड्या शेजारी शेजारी पडलेल्या दिसतात, कळपातली ती सर्वांत शांत वेळ. पावसाळ्यात परसातली सगळी माती चिखल होते आणि हे बंद पडते. नेमक्या त्याच वेळी बांबूच्या फटींत लाल कोळी आणि पिसांत उवा वाढतात, खाजेने कोंबड्या बेचैन होतात, स्वतःची पिसे ओरबाडतात आणि शेजारणीचीही. यावर तयारी मृगाच्या आधी करावी लागते. कोरडी माती आणि बारीक रेती दोन पोती भरून ओसरीखाली ठेवावी, फुटके घमेले किंवा ट्रकचा जुना टायर छपराखाली मांडून त्यात ती माती, रेती आणि चुलीची थंड झालेली राख समभाग घालावी. खुराडे रिकामे करून चुन्याने रंगवावे, फटी विशेष.

आता खाण्याबद्दल. इथली कोंबडी कनकी आणि कोंड्यावर वाढते. कनकीत प्रथिने साधारण आठ टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा टक्क्यांच्या आसपास लागतात. मोकळी कोंबडी उरलेले किड्यांतून, उधईतून, गोगलगाईंतून मिळवते. कोंडलेल्या कोंबडीला ते मिळत नाही आणि मग ती पीस खाते. पीस जवळजवळ सगळेच प्रथिन असते, त्यातही गंधकयुक्त प्रथिन. पीस खाण्याची ओढ कशातून येते याचा हा एक धागा आहे, एकमेव नव्हे. तिळाची पेंड, तळ्यातल्या बारीक मासळीचे सुकट कुटून, शेंगदाण्याची पेंड यांपैकी जे घरी असेल ते कोंडलेल्या महिन्यांत रोजच्या खुराकात मिसळावे. तिळाच्या पेंडीला पहिली पसंती द्यावी, पिसांना लागणारा तो नेमका घटक तिच्यात जास्त असतो. मीठ शंभर किलो खाद्यात तीनशे ते पाचशे ग्रॅम, अधिक नाही. मिठाच्या कमतरतेनेही टोचाटोची होते, पण अंदाजाने मूठभर टाकलेले मीठ कोंबड्या मारते. लाखोळी इथे घरोघरी होते म्हणून कोंबड्यांना घालण्याचा मोह होतो, ती टाळावी. तळ्याकाठचे शिंपले कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावे. अंड्याची टरफले घालायची तर पार चुरा करून, नाहीतर अंडे फोडून खाण्याची खोड लागते आणि ती जाता जात नाही. खाण्याची आणि पाण्याची भांडी प्रत्येकी दोन, एकमेकांपासून लांब, एवढे सांगून हा भाग पुरे.

नवीन पक्षी कळपात आणण्याची रीत वेगळी शिकावी लागते. बाजारातून आणलेला पक्षी निदान तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. हे टोचेसाठी नव्हे, मानमोडीसाठी. एका कोंबडीपायी अख्ख्या गावाच्या कोंबड्या गेल्याचे झाडीपट्टीत कोणाला सांगावे लागत नाही. त्यानंतर आठवडाभर डालग्याखाली किंवा जाळीआड, जुन्या कळपाच्या मधोमध, म्हणजे एकमेकींना पाहता येते पण टोचता येत नाही. मग रात्री दांडीवर नेऊन बसवावे आणि सकाळी दार लवकर उघडावे. एकटी आणू नये. दोन-तीन आणाव्या, सारख्या वयाच्या, म्हणजे राग वाटला जातो. पहिल्या दिवशी तणसात दाणा दुप्पट विखरावा. काही टोचा होणारच. रक्त येत नाही आणि नवी खाते-पिते तोवर हस्तक्षेप करू नये.

यंत्रावर उबवलेल्या पिल्लांचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. खुडूक कोंबडीमागे वाढलेले पिल्लू काय टोचायचे हे आईच्या चोचीकडे पाहून शिकते. आई दाणा उचलते, खाली टाकते, बोलावते. आईच्या पंखाखाली अंधार असतो, झोपलेल्या पिल्लाला जागे पिल्लू टोचू शकत नाही. बल्बखाली शेकड्याने वाढलेल्या पिल्लांना हे दोन्ही मिळत नाही. कोंबडीमागे किंवा अंधाऱ्या उबेत वाढलेल्या पिल्लांमध्ये पिसे उपटण्याची खोड कमी आढळते, हे परदेशातल्या संशोधनातही पुन्हापुन्हा दिसले आहे. गावातल्या म्हाताऱ्या बाया हे निराळ्या वाटेने करत आल्या आहेत: खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून पुरते दिवस झाले की रात्री अंधारात अंडी काढून घ्यायची आणि तिच्या पोटाखाली विकतची एक-दोन दिवसांची पिल्ले सरकवायची. सकाळी ती त्यांना आपलीच मानते. एका देशी कोंबडीला दहा-बारा पिल्ले सहज सांभाळता येतात. महिनाभराची झालेली पिल्ले मात्र ती स्वीकारत नाही, टोचून हाकलते. योजनेतली पिल्ले त्याच वयात हाती येतात हा मोठा अडसर आहे.

कोंबड्याबद्दल दोन गोष्टी. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा. चांगला कोंबडा कोंबड्यांच्या भांडणात मध्ये जाऊन उभा राहतो आणि भांडण मोडतो; कोंबडा नसलेल्या कळपात हे काम कोणी करत नाही. दोन कोंबडे मात्र छोट्या परसात नांदत नाहीत. दुसरी गोष्ट रक्ताची. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या पट्ट्यात कोंबडबाजार चोरून भरतो, पायाला काती बांधून कोंबडे झुंजवले जातात. प्राण्यांना झुंजायला लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्या झुंजीत जिंकलेला असील कोंबडा पैदाशीसाठी गावभर फिरवला जातो आणि त्याची पिल्ले परसात येतात. असील जात देखणी आहे, काटक आहे, मांसाला उत्तम आहे; इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्या संकरातून परसासाठी 'कारी निर्भीक' तयार केली ती याच गुणांसाठी. पण झुंजीसाठी निवडत आलेल्या कोंबड्याची लेकरे कोंडलेल्या खुराड्यात भांडखोरच निघणार. शांत कळप हवा असेल तर पैदाशीचा कोंबडा शांत घरातून घ्यावा. याचा खर्च शून्य आहे आणि फरक दुसऱ्या पिढीत दिसतो.

एवढे करूनही एखादी कोंबडी कळप छळत राहिली तर काढायचे कोणाला? बहुतेक घरांत मार खाणारीला दया म्हणून वेगळे ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी ती परत गेली की परकी ठरते आणि छळ दुप्पट होतो. जखम नसेल तर काढायचे छळणारीला. आठवडाभर तिला डालग्याखाली, कळपापासून दूर ठेवावे. तोवर बाकीच्यांचा क्रम तिच्याविना बसतो आणि परत आल्यावर ती खालून सुरुवात करते. जखम असेल तर मात्र जखमीला तत्काळ काढावे, कारण लाल रंग कळपाला थांबू देत नाही. जखम मीठ-पाण्याने धुऊन हळद-तेलाचा लेप किंवा जांभळे औषध लावावे, म्हणजे लाली झाकली जाते. तिला जाळीआड पण कळपाच्या नजरेसमोर ठेवावे, ओळख टिकते. खपली धरून नवी पिसे फुटू लागेपर्यंत आत सोडू नये; कोवळ्या पिसांत रक्त असते आणि ती उपटण्याचा मोह कळपाला सर्वांत जास्त होतो.

व्यापारी पोल्ट्रीत या सगळ्यावर एकच उत्तर वापरले जाते: तापलेल्या पात्याने चोचीचे टोक कापणे. बाजारात अंडी उतरलेल्या पोल्ट्रीच्या कोंबड्या स्वस्तात मिळतात, त्यांची चोच अशी बोथट दिसते. चोचीच्या टोकात मज्जातंतू असतात, ते कोंबडीचे बोट आहे. बोथट चोचीने किडा उचलता येत नाही, उवा वेचता येत नाहीत, आणि मोकळ्या परसात अशी कोंबडी खालच्याही खाली जाते. नॉर्वेत चोच कापण्यावर १९७४ पासून बंदी आहे. हजारो पक्षी एका छपराखाली कोंडणाऱ्यांची अडचण काहीही असो, दहा-वीस कोंबड्यांच्या घरात चोच कापण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटींवर गेले, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ निम्म्याने जास्त. ही वाढ बायकांच्या कष्टावर झाली आहे, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात पिल्ले वाटणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने तिचे भान ठेवावे. पिल्ले मृगाच्या तोंडावर वाटली की त्यांचे पहिले चार महिने कोंडीत जातात आणि पिसे उपटण्याची खोड तिथेच लागते. तीच पिल्ले, लस टोचून, धान चुरून झाल्यावर वाटावीत. थंडीत ऊब द्यावी लागेल, ती देता येते. परस मोकळे असेल, उकिरडा कोरडा असेल, तणस ताजे असेल. पिल्लांबरोबर एक पानाचा कागद द्यायचा तर त्यावर खाद्याच्या तक्त्याआधी तणसात दाणा कसा विखरावा हे लिहावे.